डाव्या बाजूचे प्रश्न

ताईने पंधरा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढली. घरात, गल्लीत, चर्चमध्ये सगळेच तिला ताई म्हणत. तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. तिचा स्वभावच तसा होता. कुणी औषध घेऊन दाराकडे वळलं, की ही मागून हाक मारायची, "थांबा, हे कसं घ्यायचं ते कळलं का?" आणि मग समोरच्याला कळेपर्यंत सांगत बसायची. गोळी चावायची का नाही, दुधाबरोबर का घ्यायची नाही, बरं वाटलं तरी औषध मध्येच का सोडायचं नाही. मागे रांग वाढायची, मालक गल्ल्यावरून डोळे वटारायचा. ताईचं आपलं चालूच.

मग एका तापात तिचा डावा कान गेला. हळूहळू नाही. सकाळी उठली तर त्या बाजूला काहीच नव्हतं, कुणी खोलीचं एक दार बाहेरून ओढून घ्यावं तसं. डॉक्टर म्हणाले, नस गेली, परत यायची नाही. उजवा मात्र ठणठणीत आहे, जपा. ताईने जाऊन मालकाला जसं होतं तसं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने मोठ्या आस्थेने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला मागच्या गोदामात बसवलं.

"एखाद्याने एक नाव सांगितलं आणि तुम्हाला दुसरंच ऐकू आलं तर? जिवाशी खेळ आहे हा, ताई."

त्याचंही चुकत नव्हतं. पण खोक्यांना कोण काय समजावणार? ताई आलेला माल लावायची, जुना झालेला बाजूला काढायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही. बाहेर काउंटरवर नवा पोरगा "दिवसातून दोनदा" एवढंच म्हणून पाकीट पुढे सरकवायचा, आणि ते ऐकून हिचा जीव आत तळमळायचा.

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की ख्रिस्ती महाविद्यालयात पदवीधरांसाठी शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू होतोय. पूर्ण केला की माध्यमिक शाळेत शिकवण्याचं प्रमाणपत्र. विज्ञानाच्या पदवीधरांची विशेष गरज आहे. ताईकडे ती पदवी होती. ती घरी आली, अप्पांना वाढलं, आणि म्हणाली, "मी जाऊ का?"

अप्पा म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर पियानोचे सूर लावायचं काम केलेला माणूस. आता हात थरथरतो म्हणून बाकीची कामं सोडली होती. चर्चचा पियानो तेवढा कुणाला हात लावू देत नसत.

"मला काय विचारतेस," अप्पा म्हणाले. "गेली दोन वर्षं तू माझ्या पथ्याबद्दल मला व्याख्यानं देतेयस. तिथे निदान ऐकायला चाळीस जण मिळतील. मी सुटेन."

प्रवेशाच्या मुलाखतीला अभ्यासक्रमाच्या प्रमुख होत्या. सगळे त्यांना मुख्य बाई म्हणत. आखूड पांढरे केस, कमी बोलणं, आणि समोरच्याचं वाक्य संपल्यावरही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायची सवय. त्यामुळे माणूस न विचारलेलंही सांगून टाकायचा. त्यांनी विचारलं, "शिक्षक होण्याचं पाचारण तुम्हाला कधी जाणवलं?"

ताईच्या आधी आत गेलेला तरुण या प्रश्नावर अर्धा तास बोलून डोळे पुसत बाहेर आला होता. देवाने हाक मारली असेलही. पण ऐकण्याच्या बाबतीत आपलं निम्मं भांडवल आधीच बुडालेलं, असं ताईच्या मनात येऊन गेलं. ती म्हणाली, "मला समजावून सांगायला आवडतं. समोरच्याला कळलं की मला बरं वाटतं. याला पाचारण म्हणतात की नाही ते मला माहीत नाही."

मुख्य बाई बघत राहिल्या. ताईने दातांवर दात रोवून ठेवले. कानाचं सांगायचं नाही, हे तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. एकदा सांगून पाहिलं होतं. गोदाम मिळालं होतं.

तिला प्रवेश मिळाला.

पहिले महिने बरे गेले. महाविद्यालयाचा दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा. ती पाळकसाहेब घ्यायचे, आणि त्यांची प्रार्थना इतकी लांबायची की मागच्या टेबलावरचा चहा पार निवून जायचा. त्यांना आजारी, प्रवासी, परीक्षार्थी, राज्यकर्ते, कुणालाच वगळायला आवडत नसे. ताई नेहमी बाकाच्या डाव्या टोकाला बसायची, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे येत. वर्गातही तसंच, जेवणाच्या टेबलावरही तसंच. रस्त्याने कुणाबरोबर चालताना ती गोड बोलून बाजू बदलून घ्यायची. कुणी डावीकडून काही बोललंच, तर हसून मान डोलवायची. अशा डोलवलेल्या मानेमुळे ती एकदा गायकवृंदात सामील झाली आणि एकदा कुणाच्या तरी मांजराची पिल्लं सांभाळायला कबूल झाली, पण निभावलं.

मग शाळेतला सराव सुरू झाला.

शाळा जुनी होती, वर्ग मोठे होते. ताईला नववीचा वर्ग मिळाला. तिचे मार्गदर्शक म्हणजे तिथले विज्ञानाचे सर. निवृत्तीला टेकलेले, किडकिडीत, कधीही आवाज न चढवणारे. मुलांनी त्यांचं नाव बर्फसर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी ते ताईला म्हणाले, "तुम्हाला शिकवता येतं, ते मला दहा मिनिटांत कळलं. आता वर्ग सांभाळता येतो का ते बघू. ती वेगळी गोष्ट आहे."

ताईला शिकवता येत होतं, यात शंका नव्हती. आम्ल आणि आम्लारी हा धडा तिने लिंबू, खाण्याचा सोडा आणि लाल कोबी उकळून काढलेल्या जांभळ्या पाण्यावर सुरू केला. मुलं बाकं सोडून पुढे यायला लागली. पण मुलांना एक गोष्ट समजत नव्हती. बाई कधीकधी एकाने विचारलं की भलत्याकडेच बघत. कधी सरळ उत्तर देत, कधी जणू कुणी बोललंच नाही अशा पुढे जात. डोक्यावर जुना पंखा घरघरत असे. त्या घरघरीत ताईला उजवीकडचं ऐकतानाही ताण पडायचा. खिडकीकडची बाजू तर, ती वर्गाकडे तोंड करून उभी राहिली की, तिच्या डावीकडे यायची. तिथून तिला काहीच यायचं नाही.

त्या बाजूला, दुसऱ्या बाकावर, एक मुलगी बसायची. अंगाने लहान, आवाज त्याहून लहान. वर्गाने तिचं नाव मुंगी पाडलं होतं. मुंगी हात वर करायची नाही. तिला ते दिखाऊ वाटायचं. बाईंचं बोलणं थांबलं की ती हळूच प्रश्न विचारायची. आणि बाई दुसरीकडे वळायच्या.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी बर्फसर परीक्षानळ्यांचं जास्तीचं स्टँड आणायला प्रयोगशाळेत गेले होते. उकाडा मरणाचा. ताई टेबलावर वाकून जांभळ्या पाण्यात साबणाचं पाणी थेंबथेंब सोडत होती, उजवीकडे मुलांनी गराडा घातला होता, आणि रंग हिरवा व्हायला लागला तसा एकच गलका झाला. मुंगी त्या दिवशी सकाळी काही न खाता आली होती. ती जागेवरूनच म्हणाली, "बाई, मला कसंतरी होतंय." बाईंनी वर पाहिलं नाही. ती पुन्हा म्हणाली. तिच्या शेजारणीनेही म्हटलं, "बाई, हिला बघा ना." ताई उजवीकडच्या एका मुलाला ड्रॉपर धरायला शिकवत होती. मुंगी आपण होऊनच बाहेर जायला उठली, दोन बाकांच्या मध्ये तिचा तोल गेला, आणि बाकाच्या कोपऱ्यावर तिची भुवई फुटली.

तो आवाज मात्र ताईला ऐकू आला. कुठून आला ते कळलं नाही. मुलांच्या नजरा जिकडे वळल्या तिकडे ती धावली. पुढचं सगळं तिने चोख केलं. जखम दाबून धरली, पाय उंच केले, खिडक्या उघडायला लावल्या, शुद्धीवर आल्यावर तिच्याशी शांतपणे बोलत राहिली. बर्फसर आले तोवर रक्त थांबलं होतं. दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी उन्हातून आली, चक्कर आली, बाकी काळजीचं काही नाही.

पण दुसऱ्या दिवशी मुंगीची आई शाळेत आली. ती केस कापायच्या दुकानात काम करायची आणि तशीच एप्रन घालून आली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत ती ताईकडे न बघता बोलत होती.

"चक्कर कुणालाही येते. पडलीही असती. पण माझी मुलगी सांगत होती, शेजारची सांगत होती, आणि या बाईंनी कानाडोळा केला. सगळ्या वर्गाने पाहिलंय." मग तिचा आवाज उतरला. "घरी येऊन काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आई, त्या बाईंना मी आवडत नाही. पहिल्या दिवसापासून. मी काही विचारलं की त्या तोंड फिरवतात."

टाक्यांचं ताईला रात्रभर वाईट वाटलं होतं, पण हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. एक मूल रोज आपल्याला काहीतरी विचारतंय, आणि आपण रोज त्याला रिकाम्या हाताने बसवतोय. तिला तिथेच सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलंही. पण मुख्याध्यापकांनी हात वर केला, आणि महाविद्यालयाचा निर्णय होईपर्यंत तिने शाळेत येऊ नये असं सांगितलं.

ती तिथून सरळ चर्चमध्ये गेली. अप्पा पियानोचं झाकण उघडून आत डोकं घालून बसले होते. एक सूर वाजवायचे, चावी फिरवायची, पुन्हा तोच सूर. ताई त्यांच्या शेजारच्या बाकावर बसली, आणि जे झालं ते सांगितलं. फक्त कानाचं सोडून. ते तिने घरीही कधी सांगितलं नव्हतं. अप्पांनी चावी खाली ठेवली.

"तुला ऐकू आलं नाही, असं सांगितलंस का त्यांना?"

ताईने चमकून वर पाहिलं.

"अगं, आयुष्यभर कानांवर पोट भरलंय मी. तीन वर्षं तू माझ्या डाव्या हाताने चालतेस. आधी उजव्या हाताने चालायचीस. रेडिओची जागा बदललीस. दाराची बेल वाजली की आधी खिडकीकडे बघतेस. मला काय कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. लपवणाऱ्या माणसाला पकडल्यासारखं वाटू नये म्हणून गप्प बसलो." अप्पांनी फडक्याला हात पुसले. "चुकलं माझं. आपण दोघं घरात एकमेकांशी सभ्यपणा करत बसलो, आणि कपाळ त्या पोरीचं फुटलं."

ताई रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली, आणि अप्पांनी तिला रडू दिलं. मग ते म्हणाले, "आता जा आणि सांग. गोदामात टाकतील तर टाकतील. पण त्या मुलीच्या डोक्यातून ते काढ."

मुख्य बाईंच्या खोलीत त्या स्वतः, बर्फसर आणि पाळकसाहेब असे तिघे बसले होते. ताईसाठी ठेवलेली खुर्ची मध्ये होती. ती बसली नाही. तिने खुर्ची उचलली, डाव्या भिंतीला लावली आणि मग बसली.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," ती म्हणाली. "अजिबात. तुम्ही सगळे माझ्या उजवीकडे असाल तर सगळं ऐकू येतं. त्या मुलीचं मला ऐकूच आलं नाही. त्या दिवशीही नाही, आणि आधीही नाही."

मालकानंतर हे पुन्हा बोलायला तिला तीन वर्षं लागली होती, आणि बोलून झालं तेव्हा चहा ओतायलाही पुरणार नाही इतका वेळ गेला होता.

मुख्य बाई नेहमीसारख्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला घेतलं नसतं."

"घेतलं असतं. फक्त त्या मुलीला पहिल्या दिवशीच तुमच्या उजवीकडे बसवलं असतं."

ताईने मान खाली घातली. मुख्य बाईंनी ते वाक्य मागे घेतलं नाही की मऊही केलं नाही. पण आवाजात राग नव्हता. त्या बर्फसरांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

बर्फसर खाकरले. "मला वाटत होतं, या बाई आपल्या बोलण्यात रंगून जातात. तसं मी माझ्या शेऱ्यात लिहिणार होतो. म्हणजे मीही नीट पाहिलं नाही." मग जरा पुढे सरकून म्हणाले, "टेबल खिडकीच्या कोपऱ्यात हलवता येईल. मग डावीकडे भिंतच राहील, मुलं सगळी उजवीकडे. तीस वर्षं ते टेबल मध्ये आहे, ते तिथेच असलं पाहिजे असं कुठे आहे?"

"आणि तो पंखा," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"तो पंखा तर मलाही नको झालाय," बर्फसर म्हणाले.

ठरलं ते असं. ताईने मुंगीच्या घरी जाऊन तिला आणि तिच्या आईला स्वतः सांगायचं. वर्गालाही स्वतः सांगायचं. कानाच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं. आणि सराव पहिल्यापासून सुरू करायचा. आधीचे आठवडे धरले जाणार नाहीत. म्हणजे बरोबरीच्यांची परीक्षा होऊन जाईल आणि ही मागे राहील. ताईने सगळ्याला हो म्हटलं. तिला त्या क्षणी वर्ष वाया गेलं असं सांगितलं असतं तरी ती हो म्हणाली असती, कारण कुणीही गोदामाचं नाव काढलं नव्हतं.

शेवटी मुख्य बाईंनी पाळकसाहेबांना प्रार्थना करायला सांगितली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि ताईने मनाची तयारी केली. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभो, हिला सांगायची हिंमत दिलीस, आभार. आमेन." आणि उठले. बर्फसरांनी एक डोळा उघडून खात्री करून घेतली.

मुंगीची आई काम करायची ते दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मुंगी कोपऱ्यातल्या स्टुलावर टॉवेलांच्या घड्या घालत होती. भुवईवर पट्टी. ताईला बघून तिने टॉवेल छातीशी धरला. आईने खुर्चीकडे बोट दाखवलं, पण चेहरा सैल सोडला नाही.

ताईने मुंगीच्या समोर बसून सांगितलं. उजवा कान दाखवला, डावा दाखवला. "तू बोललेलं मला एकदाही ऐकू आलं नाही. मी तोंड फिरवत नव्हते. ज्या बाजूने आवाज यायचा त्या बाजूला वळत होते. चूक माझी आहे. मी हे तुम्हाला सगळ्यांना आधी सांगायला हवं होतं. लाज वाटत होती म्हणून नाही सांगितलं."

मुंगीने टॉवेल मांडीवर ठेवला. "म्हणजे, साबणाचा प्रश्नपण नव्हता ऐकू आला?"

"नाही. काय होता?"

मुंगीने आईकडे बघितलं. आई कंगव्यातले केस काढत होती, पण हात थांबले होते. "डोळ्यांत लिंबू गेलं तर झोंबतं, कारण ते आम्ल आहे," मुंगी म्हणाली. "मग साबण तर आम्लाच्या उलट आहे. तो का झोंबतो?"

ताई खुर्चीत पुढे सरकली. प्रश्न चांगला होता. इतका चांगला की संपूर्ण वर्गात कुणाला सुचला नव्हता. तिने सांगितलं, की डोळ्यातलं पाणी ना धड आम्ल ना धड आम्लारी, अगदी मधलं, किंचित आम्लारीकडे झुकलेलं असतं, आणि डोळ्याला तेवढंच सवयीचं असतं. त्याहून कुठल्याही बाजूला फार सरकलं की तो तक्रार करतो. शिवाय साबण डोळ्यावरचा तेलकट पातळ थर धुऊन काढतो. मुंगीने लगेच दुसरा प्रश्न काढला, मग तिसरा. सगळे तिने जपून ठेवले होते. बेसिनवरच्या बाटल्या एकेक करून खाली आल्या, झाकणं उघडली गेली. जरा वेळाने आईनेच हात पुढे केला. बोटांची कातडी खरखरीत झाली होती, भेगा पडल्या होत्या.

"दिवसभर पाण्यात आणि साबणात असतात," ती म्हणाली. "याला काही आहे का?"

ताईने हात हातात घेऊन नीट बघितला, आणि काय लावायचं, कधी लावायचं, काय घालून काम करायचं ते सांगितलं. पंधरा वर्षांची सवय, सांगून झाल्यावर विचारलंसुद्धा, "कळलं ना, कसं लावायचं?"

"कळलं," आई म्हणाली. मग कंगवा ठेवत म्हणाली, "मी शाळेत फार बोलले."

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंच नसतं," ताई म्हणाली. आणि हे तिने तोंडदेखलं म्हटलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिचं तिलाच जाणवलं, की आपण भराभर चालतोय. खांदे इतके हलके झाले होते, की काहीतरी विसरून आलो की काय म्हणून तिने पिशवी चाचपली.

वर्गाला सांगणं त्या मानाने सोपं गेलं. मागून एकाने विचारलं, "बाई, एका बाजूने ऐकू येत नाही म्हणजे झोपताना बरं पडत असेल ना?" ताई म्हणाली, "उजवा कान उशीत घातला की झालं. शेजारी बँड वाजला तरी पत्ता नाही." वर्ग हसला. पुढचे दोन दिवस जो तो तिच्या डावीकडून कुजबुजून खात्री करून घेत होता. मग त्यातली गंमत संपली, आणि बोलणाऱ्याने उभं राहायचं ही पद्धत पडून गेली. टेबल कोपऱ्यात गेलं. प्रयोग चालू असताना पंखा बंद राहायचा. मुलं वह्यांनी वारा घेत आणि कुरकुरत, पण ऐकत. मुंगीला उभं राहून बोलायचं म्हणजे संकट वाटायचं. ती पहिले काही दिवस बोललीच नाही. मग एकदा उठली, आणि आवाज लहान होता तरी पोचला.

कानाच्या डॉक्टरांनी एक यंत्र लावून बघायला दिलं. डावीकडचा आवाज उचलून उजव्या कानात आणून सोडणारं. रस्त्यावर आणि सभेत त्याचा उपयोग झाला, वर्गात मात्र चाळीस जणांच्या चपलांचा आवाज एकदम अंगावर यायला लागला. ताईने ते वर्गापुरतं काढून ठेवलं. बरोबरीचे प्रशिक्षणार्थी प्रमाणपत्रं घेऊन नोकऱ्यांना लागले. ज्याने मुलाखतीत डोळे पुसले होते, तो तर एका शाळेत रुजूही झाला. ताई अजून रोज सकाळी पाळकसाहेबांची प्रार्थना ऐकत होती. ती पुन्हा पूर्ववत लांबली होती.

अखेर तिची परीक्षेची तासिका आली. शिक्षण मंडळाकडून एक परीक्षक आले. जाड भिंगाचा चष्मा, कपाळाला आठी. ते मागच्या बाकावर बसले. ताईने वर्गात आल्या आल्या पंखा बंद केला. परीक्षकांनी मान वर केली.

"एवढ्या उकाड्यात पंखा का बंद करताय?"

आधीची ताई असती तर काहीतरी कारण काढलं असतं. प्रयोगाची ज्योत हलते, कागद उडतात. ती म्हणाली, "सर, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. पंखा चालू असला की मुलांचं बोलणं मला स्वच्छ येत नाही."

परीक्षकांनी वर पंख्याकडे पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले. "मलाही मागे काही कळलं नसतं. चालू द्या."

तासिका काही सर्वोत्तम झाली नाही. एका गटाचा रंग बदललाच नाही, कारण त्यांनी सोड्याऐवजी मीठ घेतलं होतं. ते शोधण्यात वेळ गेला आणि फळ्यावरचं शेवटचं समीकरण लिहायचं राहिलं. पण मीठ टाकल्यावर रंग का बदलला नाही, यावर मुलांनीच वाद घातला, आणि बाकं सोडून नाही, एकेकाने उभं राहून घातला. घंटा झाली तेव्हा परीक्षक काहीतरी लिहीत होते. ते बर्फसरांशी दोन शब्द बोलले आणि निघून गेले.

बर्फसर टेबलाशी आले. ताईने चंचुपात्रं गोळा करता करता विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, समीकरण राहिलं."

"आणि?"

"आणि उत्तीर्ण आहेत म्हणाले. तेही सांगायला हवं का?"

ताईचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच पहिल्या बाकावर बसली. हातात ओलं चंचुपात्र होतं, ते बर्फसरांनी काढून घेतलं आणि न सांगता विसळायला नेलं.

नोकरी नव्या वर्षात लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका माध्यमिक शाळेत. पहिल्या दिवशी ताई शिक्षकांच्या खोलीत शिरली तेव्हा लांब टेबलाभोवती सगळे चहा घेत होते. मोकळी खुर्ची मध्ये होती. डाव्या टोकाला एक चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या, बोटांना निळा रंग लागलेला.

"तुम्ही तिकडे सरकाल का?" ताई म्हणाली. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. या टोकाला बसले की सगळ्यांचं ऐकू येतं."

"सरकते की," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून सरकल्या. मग ताईकडे वळून, जरा मोठ्याने आणि मनापासून, त्यांनी यंदाच्या वेळापत्रकाबद्दल तक्रार करायला सुरुवात केली. ताईने चहा जवळ ओढला आणि ऐकू लागली.